‘८० टक्के शुद्ध’ झालेल्या पाण्याचं पुढे काय?

पेट पास होऊन तुम्ही विषय शोधायला बसलात आणि तुमचं क्षेत्र वनस्पतिशास्त्र, पर्यावरणशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र असेल, तर एक विषय तुम्हाला हमखास सुचवला जाईल : पाणवनस्पती वापरून घरगुती सांडपाण्याचं शुद्धीकरण आणि पुनर्वापर. गोंदिया-भंडाऱ्याकडचे असाल तर जरा जास्तच आग्रहाने. तलाव हाकेच्या अंतरावर, वनस्पती फुकट, सांडपाणी प्रत्येक घरामागे आणि बीओडी, नायट्रेट, फॉस्फेट मोजायची सोय बहुतेक कॉलेजांत असतेच. सहा टब, एक उन्हाळा, चार तक्ते, आणि पेपर तयार.

विषय चांगला आहे, हे आधीच सांगतो. २०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झालं तेव्हा ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं माप ठरलं. नळ घरात आला की त्यातलं बरंचसं पाणी सांडपाणी होऊन घराबाहेर पडतं. पूर्वी विहिरीवरून दोन हंडे आणणाऱ्या घराला नालीची गरज नव्हती, आता आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागातल्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाणी व्यवस्थापन आलं ते याच कारणाने. म्हणजे प्रश्न खरा आहे, ताजा आहे आणि आपल्या दारातला आहे.

माझी तक्रार या विषयावरच्या संशोधनाच्या एका ठरावीक साच्याबद्दल आहे. तो साचा मी ‘टबातला पेपर’ म्हणतो. या प्रकारातले पेपर एकामागून एक वाचले की एक गोष्ट लक्षात येते : प्रत्येकाच्या शेवटी पाणी स्वच्छ झालेलं असतं आणि तरीही ते पाणी कोणी वापरलेलं नसतं. शीर्षकात ‘पुनर्वापर’ असतो, पण आतल्या एकाही तक्त्यात नसतो. या लेखात तो साचा सुटा करून दाखवतो, म्हणजे तुम्ही सिनॉप्सिस लिहाल तेव्हा त्यात अडकणार नाही.

साचा कसा असतो

वीस-पंचवीस लिटरचे प्लास्टिकचे टब घ्यायचे. एखाद्या वसाहतीच्या नालीतून किंवा होस्टेलच्या मागून पाणी आणायचं. त्यात जलपर्णी, पिस्टिया, लेम्ना किंवा पाणकणीस सोडायचं. शून्य, पाच, दहा आणि पंधरा दिवसांनी नमुने घ्यायचे. शेवटी निष्कर्ष : बीओडीत इतके टक्के घट, नायट्रेटमध्ये तितके टक्के घट, सबब ही वनस्पती ग्रामीण भागासाठी स्वस्त, पर्यावरणपूरक आणि उपयुक्त.

यातलं मोजमाप बहुधा प्रामाणिक असतं. टायट्रेशन करताना विद्यार्थ्याने रात्री जागवलेल्या असतात. चूक आकड्यांत नसते. त्या आकड्यांवरून शेवटच्या ‘सबब’पर्यंत जी उडी मारली जाते, तिच्यात असते. ती उडी पाच ठिकाणी कशी फसते ते बघू.

एक : काम कोणी केलं?

टबातलं पाणी दहा दिवसांत सुधारलं. पण ते वनस्पतीमुळे सुधारलं, हे कशावरून? स्वयंपाकघरातलं पाणी एक दिवस नुसतं स्थिर ठेवलं तरी अन्नकण, माती, तेलकट फेस खाली बसतो किंवा वर तरंगतो, आणि बीओडीचा एक मोठा वाटा त्यांच्याबरोबर जातो. उरलेलं पाण्यातले जिवाणू खातात. उघड्या टबात शेवाळ येतं, तेही नायट्रेट-फॉस्फेट उचलतं. वनस्पती नसती तरी यातलं बरंच घडलं असतं.

म्हणून वनस्पती नसलेला टब, म्हणजे कंट्रोल, हवाच. बऱ्याच पेपरांत तो नसतो, आणि असला तर त्याचा आकडा तक्त्यात असतो पण निष्कर्षात नसतो. समजा, वनस्पतीच्या टबात ८० टक्के घट आली आणि बिनवनस्पतीच्या टबात ६५ टक्के. मग वनस्पतीच्या नावावर फक्त १५ टक्के जमा करता येतात. पेपरच्या सारांशात मात्र ८० छापले जातात.

हा मुद्दा काही माझा नवा शोध नाही. डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स ब्रिक्स यांनी १९९७ साली एका पेपरच्या शीर्षकातच विचारलं होतं की, सांडपाण्यासाठी बांधलेल्या पाणथळीत वनस्पतींची काही भूमिका आहे का? त्यांचं उत्तर ‘हो’ असंच होतं, पण ते नीट वाचण्यासारखं आहे. वनस्पतीचा सर्वांत मोठा उपयोग तिच्या शरीराच्या नुसत्या असण्याचा आहे : मुळांचं जाळं पाणी गाळतं, थर धरून ठेवतं आणि जिवाणूंना चिकटून राहायला जागा देतं. वनस्पती स्वतः किती नायट्रोजन-फॉस्फरस शोषते आणि मुळांतून किती ऑक्सिजन सोडते, हे त्या पाणथळीच्या रचनेवर अवलंबून असतं. म्हणजे खरे कामगार जिवाणू असतात, आणि वनस्पतीचं काम मुख्यतः त्यांना घर देणं हे असतं.

यातून तुमच्यासाठी एक स्वस्त आणि धारदार कंट्रोल निघतो. एका टबात जिवंत जलपर्णी ठेवा आणि दुसऱ्यात तिच्या मुळांसारखी लोंबणारी नायलॉनची सुटी केलेली दोरी. दोन्हीत घट सारखीच आली, तर तुम्हाला वनस्पतीची गरजच नाही, पृष्ठभागाची गरज आहे. वेगळी आली, तर जिवंत मुळांनी काय जास्त केलं हे तुम्ही ठामपणे सांगू शकता. असा टब ठेवलेला पेपर परीक्षकाला आवडेल की नाही माहीत नाही, पण व्हायवात तुम्हाला कोणी अडवू शकणार नाही.

दोन : टक्केवारी कशाची?

टक्केवारी हा फार गोड बोलणारा आकडा आहे. ४०० मिलिग्रॅम प्रतिलिटर बीओडीचं पाणी ८० वर आलं, तर घट ८० टक्के. ५० चं २५ वर आलं, तर घट ५० टक्के. पहिला पेपर जास्त यशस्वी वाटतो. पण केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेत मलजल शुद्धीकरण केंद्रांसाठी, महानगरं वगळता, बीओडीची मर्यादा ३० आहे. या कसोटीवर पहिला नापास आणि दुसरा पास. म्हणून पेपर वाचताना टक्के बाजूला ठेवा आणि दोनच गोष्टी शोधा : शेवटचा आकडा किती, आणि तो कोणत्या मर्यादेशी ताडून पाहिला आहे.

दुसरी गंमत आकारमानाची आहे. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. समजा, वीस लिटरच्या टबातून बाष्पीभवन आणि पानांतून होणारं उत्सर्जन मिळून रोज एक लिटर पाणी उडतं. दहा दिवसांनी दहाच लिटर उरलं. एखाद्या घटकाचं प्रमाण १०० वरून ६० मिलिग्रॅम प्रतिलिटर झालं, तर पेपर म्हणेल ४० टक्के घट. खरा हिशेब असा : आधी २० लिटर गुणिले १००, म्हणजे २००० मिलिग्रॅम. नंतर १० गुणिले ६०, म्हणजे ६००. प्रत्यक्षात ७० टक्के घटक गेला. म्हणजे इथे वनस्पतीवर अन्याय झाला! पण त्याच वेळी पुनर्वापरासाठी हातात अर्धंच पाणी उरलं, आणि जे क्षार कोणी खाल्ले नाहीत त्यांचं प्रमाण दुप्पट झालं.

आता हाच टब जुलैमध्ये उघड्यावर ठेवा. पावसाने वीसचे तीस लिटर झाले, तर काहीही न घडता १०० चे ६७ होतील. ३३ टक्के ‘घट’ ढगाने केली, श्रेय मात्र पिस्टियाला.

उपाय अगदी साधा आहे : टबाला आतून पट्टी चिकटवा आणि रोज पातळी लिहा. प्रमाण आणि आकारमान, दोन्ही दिल्याशिवाय घट सांगू नका. हा एक रकाना नसलेला पेपर समोर आला, तर त्याच्या बाकीच्या रकान्यांवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

तीन : गेलं ते कुठे गेलं?

बीओडीतला कार्बन हवेत जाऊ शकतो. नायट्रोजनचाही काही भाग जिवाणू वायूरूपात हवेत सोडतात. पण वनस्पतीने जे शोषलं ते वनस्पतीतच आहे. फॉस्फरसला तर हवेत जायची वाटच नाही. तो गाळात असेल, नाहीतर पानांत. वनस्पती वेळेवर काढली नाही तर ती कुजते आणि उचललेलं सगळं पाण्यात परत टाकते. पंधरा दिवसांच्या प्रयोगात हे दिसतच नाही, कारण वनस्पती म्हातारी व्हायच्या आत प्रयोग संपतो.

काढणी म्हणजे किती काम, याचा हिशेब करून बघू. पाच माणसांच्या घरातून रोज २०० लिटर सांडपाणी निघतं असं धरा, त्यात नायट्रोजन १० मिलिग्रॅम प्रतिलिटर. म्हणजे रोज २ ग्रॅम. हा सगळा नायट्रोजन जलपर्णीनेच उचलावा अशी अपेक्षा ठेवली आणि तिच्या कोरड्या वजनात अडीच टक्के नायट्रोजन धरला, तर रोज ८० ग्रॅम कोरडी जलपर्णी वाढायला आणि काढायला हवी. जलपर्णीत साधारण ९५ टक्के पाणी असतं, म्हणून ओलं वजन झालं १.६ किलो. एका घराला एवढं जमेल. २०० घरांच्या गावात रोज ३२० किलो आणि महिन्याला साडेनऊ टनांच्या वर. ती कोण काढणार, कुठे टाकणार, त्याची मजुरी ग्रामपंचायत कोणत्या शीर्षाखाली लावणार? ‘स्वस्त’ या शब्दाआड हा सगळा हिशेब लपलेला असतो.

अमेरिकेत १९७० च्या दशकात नासाचे बिल व्होल्व्हर्टन यांनी मिसिसिपीत सांडपाण्याच्या तळ्यांत जलपर्णी सोडून अभ्यास केले. आपले बरेच पेपर त्या कामाचा दाखला पहिल्याच परिच्छेदात देतात. पण त्या कामात काढलेल्या जलपर्णीचं पुढे काय करायचं, बायोगॅस, खत की पशुखाद्य, हा प्रश्न शुद्धीकरणाच्या बरोबरीने मांडलेला होता. आपण अर्धंच उचललं. वनस्पती घेतली, तिची विल्हेवाट सोडून दिली.

चार : पुनर्वापर कोणासाठी, कशासाठी?

मला सर्वांत जास्त खटकतो तो हा भाग. ‘शुद्ध झालेलं पाणी सिंचनासाठी वापरता येईल’ हे वाक्य टबातल्या पेपरच्या शेवटी जवळजवळ छापील असतं. सिंचन कशाला? धानाला, की परसबागेतल्या कोथिंबिरीला? पाणी झाऱ्याने वरून घालणार, की मुळाशी? उत्तर बदललं की लागणारी चाचणी बदलते.

पहिली चाचणी रोगजंतूंची. मोरीच्या पाण्यात लहान बाळाचे कपडे धुतलेले असतात. म्हणून संडासाचं पाणी वेगळं असलं तरी सांडपाण्यात विष्ठेतले जंतू येतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कच्चं खाल्लं जाणाऱ्या पिकांसाठी १०० मिलिलिटरमध्ये १००० फीकल कोलिफॉर्म आणि लिटरमागे जंताचं एक अंडं, अशा मर्यादा सुचवल्या होत्या. २००६ च्या आवृत्तीत सगळा भार एकाच आकड्यावर टाकण्याऐवजी शेतापासून ताटापर्यंत प्रत्येक पायरीवर धोका किती कमी होतो, असा विचार आला. आता टक्केवारीकडे परत या. सुरुवातीला १० लाख कोलिफॉर्म असतील आणि ९९ टक्के मेले, तर उरले १० हजार. जुन्या मर्यादेच्या दहापट. म्हणून सूक्ष्मजीवशास्त्रात घट टक्क्यांत न सांगता लॉगमध्ये सांगतात, आणि टबातल्या पेपरांत कोलिफॉर्मचा रकाना असला तरी तो टक्क्यांतच असतो.

दुसरी चाचणी सोडियमची. धुण्याच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, बऱ्याच पावडरींत सोडियम सल्फेटही असतं. हे सोडियम जलपर्णी किंवा पाणकणीस फारसं कमी करत नाही, उलट पाणी उडालं की त्याचं प्रमाण वाढतं. असं पाणी वर्षानुवर्षं एकाच वाफ्यात टाकलं तर चिकणमाती घट्ट होते आणि पाणी मुरेनासं होतं. नायट्रेटचे चार आलेख काढणाऱ्या पेपरात सोडियम शोषण गुणोत्तराचा एक आकडा नसावा, आणि तरीही ‘सिंचनयोग्य’ म्हणावं, हे मला पटत नाही.

तिसरी चाचणी टबात कधीच होत नाही, आणि गोंदियात ती पहिली व्हायला हवी : डास. पूर्व विदर्भातले आपले जिल्हे हत्तीरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात वर्षानुवर्षं आहेत. हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास घाण साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत त्याला उन्हाळी हवेत आठ-दहा दिवस पुरतात. ‘दहा दिवसांत सर्वोत्तम परिणाम’ असं जेव्हा एखादा पेपर सांगतो, तेव्हा तो नकळत डासालाही सोयीचा मुक्काम देत असतो. जलपर्णी आणि पिस्टिया यांच्या मुळांना तर मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या चिकटून राहतात आणि तिथूनच श्वास घेतात. घरामागे उघडं, वनस्पतींनी झाकलेलं, दहा दिवस साचलेलं सांडपाणी ठेवायला आपण लोकांना सांगणार असू, तर आलेखात अळ्यांची मोजणी हवीच.

यावर तांत्रिक तोड नाही असं नाही. नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केलेल्या ‘फायटोरिड’ पद्धतीत पाणी दगड-खडीच्या थरातून, पृष्ठभागाच्या खालून वाहतं. वर वनस्पती असतात, पण उघडं पाणी दिसत नाही, म्हणून डासांना जागा मिळत नाही. याच संस्थेने युनिसेफबरोबर २००७ साली ग्रामीण शाळांमधल्या सांडपाण्याच्या पुनर्वापरावर मार्गदर्शिका काढली, ती मध्य प्रदेशातल्या धार-झाबुआ भागातल्या आश्रमशाळांच्या कामावर उभी आहे. तिचा मला आवडलेला गुण म्हणजे तिथे पाण्याचा उपयोग आधी ठरतो, मग त्याला पुरेल एवढं शुद्धीकरण. अंघोळीचं पाणी संडासात टाकायला वापरायचं असेल, तर त्याला कोथिंबिरीइतकी कडक कसोटी लागत नाही. आपल्या देवरी भागातही आश्रमशाळा आहेत. तिथे हा प्रश्न टबापेक्षा कितीतरी चांगल्या रीतीने विचारता येईल.

अर्थात खडीच्या थरालाही देखभाल लागते. आधी गाळ बसवायची टाकी नसेल किंवा ती उपसली नाही, तर खडी तुंबते आणि पाणी वर येऊन पुन्हा डबकं होतं. म्हणजे इथेही मूळ प्रश्न ‘कोण उपसणार’ हाच. तो प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाही, पण प्रयोगाच्या आराखड्यात त्याला जागा देता येते.

पाच : ही वनस्पती, या जिल्ह्यात?

गोंदिया तलावांचा जिल्हा आहे. कोहळी समाजाने बांधलेले तलाव पुढे मालगुजारांकडे होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा तलाव’ झाले. धान, मासोळी, शिंगाडा, गुरांचं पाणी, सगळं यांच्यावर. गावाच्या उतारावर बोडी किंवा तलाव असतो आणि गावाची नाली बहुधा त्याच उताराने जाते.

अशा गावात जलपर्णीचा टब भरायचा म्हणजे काय, याचा विचार करा. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. बंगालमध्ये तिने नद्या-खाड्या इतक्या बुजवल्या की १९३६ साली तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. एक पूर आला, एक टब कलंडला, एखाद्याने उरलेली रोपं नालीत टाकली, की ती तलावात. मग धीवरांचं जाळं टाकायची जागा गेली, शिंगाडा गेला आणि पाण्याखालच्या वनस्पतींचा उजेड गेला. ‘प्रयोग संपल्यावर रोपांचं काय केलं’ हे वाक्य मी पद्धतीच्या प्रकरणात शोधतो. ते क्वचितच सापडतं.

याच जिल्ह्यात याच्या अगदी उलट दिशेने झालेलं काम आहे. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी अर्जुनी मोरगाव तालुक्यात धीवरांच्या सहकारी संस्थांबरोबर तलावांतली बेशरम काढली आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यांना त्या वनस्पती हव्या होत्या मासोळीला खायला, अंडी घालायला, आणि पक्ष्यांना. कोणती वनस्पती कुठल्या खोलीवर, कोणत्या मातीत, कोणत्या माशासाठी, हे ज्ञान जाळं टाकणाऱ्या लोकांकडे होतं. टबातल्या पेपरात वनस्पतीचं वर्णन ‘जवळच्या तलावातून गोळा केली’ एवढ्या चार शब्दांत संपतं. त्या तलावाला नाव असतं, मालक असतो, त्यावर मासोळीचा ठेका असतो. ज्या तलावातून वनस्पती आणली त्याच तलावात गावाची नाली येत असेल, तर संशोधनाचा प्रश्न टबाच्या बाहेर, तलावाच्या काठावर उभा असतो.

पण टबाशिवाय सुरुवात कशी करणार?

इथे तुमची बाजूही मांडायला हवी. फेलोशिप वेळेवर येत नाही, गाईडला दोन पेपर हवे असतात, आरआरसीसमोर ‘मोजता येईल असं’ काहीतरी न्यावं लागतं. गावात खडीचा थर बांधायला पैसे कोण देणार? टब हा पहिला टप्पा आहे, त्याच्याकडून शेवटच्या टप्प्याची अपेक्षा का?

हा आक्षेप मला मान्य आहे, एका अटीवर. पहिल्या टप्प्याने पहिल्या टप्प्याचंच बोलावं. टबात ‘ही वनस्पती ग्रामीण भागासाठी उपयुक्त आहे’ हे सिद्ध होऊ शकत नाही. ‘या पाण्यात, या महिन्यात, जिवंत मुळांनी नुसत्या दोरीपेक्षा इतका जास्त अमोनिया कमी केला’ हे होऊ शकतं. दुसरं वाक्य लहान आहे, पण कोणी तरी त्याच्यावर पुढची वीट ठेवू शकतं. पहिल्या वाक्यावर पुढची वीट बसत नाही, म्हणून तर दरवर्षी तोच पेपर नव्या वनस्पतीचं नाव घालून पुन्हा लिहिला जातो.

आणि चांगला टब महागही नसतो. बारा टब घ्या : तीन वनस्पतीचे, तीन दोरीचे, तीन उघडे रिकामे आणि तीन झाकलेले रिकामे, म्हणजे शेवाळाचा वाटाही वेगळा कळेल. पाणी एकाच दिवशी एकाच घरातून आणू नका. धुण्याचा वार आणि सणावाराचा दिवस यांचं पाणी वेगळं असतं. रोज पातळी लिहा. बीओडी आपल्याकडच्या मानकाप्रमाणे २७ अंशांवर तीन दिवसांचा केला असेल, तर २० अंशांवर पाच दिवसांच्या परदेशी आकड्याशी तुलना करताना तसं नमूद करा. शेवटी वनस्पती वाळवून तिच्यातला नायट्रोजन-फॉस्फरस मोजा आणि पाण्यातून गेलेल्याशी ताळा जमतो का बघा. जमला नाही तर तेही छापा. अळ्या मोजा. प्रयोगानंतर रोपं वाळवून नष्ट केली, हे करा आणि लिहा. खर्चात फार तर दोरी आणि सहा टब वाढतील.

वेळ असेल तर एक विषय सुचवतो, त्यात टबही लागणार नाही. आपल्या घरांमागे न्हाणीचं पाणी जिथे मुरतं तिथे कोचई, कर्दळ किंवा केळ लावलेली असते. हे कोणत्याही योजनेत नसलेलं, कोणी डिझाइन न केलेलं शुद्धीकरण आहे, आणि बहुतेक ठिकाणी तिथे पाणी साचत नाही, कारण माती ते पिते. त्या मातीत वीस वर्षांत किती सोडियम साठला? जवळच्या विहिरीत नायट्रेट पोचला का? कोचईच्या पानांवर आणि कंदावर कोलिफॉर्म सापडतो का, आणि शिजवल्यावर? त्या जागेची निगा घरातलं कोण ठेवतं आणि ती कधी मोडीत निघते? नाली आल्यावर अशी किती झाडं गेली, आणि त्यांच्या वाटचं पाणी आता कोणत्या बोडीत जातं?

या प्रश्नांना टक्केवारीत उत्तर येणार नाही. पण ज्या बाईला ते पाणी परसात टाकायचं आहे, तिला ‘टाका’, ‘टाकू नका’ किंवा ‘पालेभाजीला नको, केळीला चालेल’ असं काहीतरी सांगता येईल. सिनॉप्सिस लिहिताना तेवढं एक वाक्य आधी कोऱ्या कागदावर लिहा आणि मग त्याला कोणते आकडे लागतील ते शोधा. टब लागला तर घ्या.